विलासदादा, ते जुनं कुलूप मी काढलं

विलासदादा,

आपलं भांडण अर्धं राहिलं आणि आता ते मला एकटीलाच पुढे न्यावं लागतंय. दोन्ही बाजूंनी मीच बोलते. परवा दुकानात तुमची बाजू मांडताना मी तुमच्यासारखी मान तिरकी केली, एक भुवई वर चढवली. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या मागे वळल्या आणि निघून गेल्या.

हे लिहिलेलं छापलं जाणार आहे, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं सांगते. कंटाळू नका. कंटाळलात की तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने कान खाजवायचात आणि मला भीती वाटायची.

कामतघरच्या आपल्या छोट्या दुकानातून आपण लोकांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळायचो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर मॅडमची रक्ततपासणीची लॅब. मुख्य लॅब भिवंडीत, एक केंद्र आपल्या दुकानाच्या गल्लीत, दुसरं वज्रेश्वरीला. केंद्रात रक्त तपासलं की निकाल इंटरनेटवरून लॅबच्या सर्व्हरवर यायचा, मॅडम तो बघायच्या आणि मग रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जायचा. हा सगळा रस्ता तुम्ही बांधलेला. कुणाला रिपोर्ट उघडता आला नाही तर लोक लॅबला फोन करायचे नाहीत, तुम्हाला करायचे. जेवतानाही तुम्ही फोन उचलायचात. "हां, विलास बोलतोय. ते निळं बटन दिसतंय का? ते दाबा. न्हाय, लाल न्हाय. निळं."

मला तुम्ही पहिल्यांदा भेटलात तेव्हा मी दिघाशीहून बसने येऊन बी.एस्सी. आयटी पूर्ण केलेली मुलगी होते. आमच्या घरात माझ्याआधी बारावीही कुणी केली नव्हती. पदवीचा कागद हातात होता आणि त्याचं पुढे काय करायचं हे विचारायला घरात कुणी नव्हतं. तुमच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेली चिठ्ठी वाचून मी आत आले. तुम्ही विचारलंत, "केबलच्या टोकाला पिन क्रिम्प करता येते का?" मी म्हणाले, "पुस्तकात वाचलंय." तुम्ही म्हणालात, "पुस्तकाला शॉक लागत नाही. बस इथे."

मग दुसऱ्या आठवड्यात तुम्ही स्वतः दिघाशीला आलात, कारण बाबा मला पाठवायला तयार नव्हते. ओटीवर बसून तुम्ही आधी शेतीचं बोललात, मग विहिरीचं, मग आमच्या म्हशीचं. संगणकाचा विषयच काढला नाहीत. शेवटी बाबाच म्हणाले, "पोरीला धाडतो. पन सांजच्याला घरी आली पायजे."

तुम्ही म्हणालात, "काका, पाचला मी स्वतः बसमध्ये बसवून देईन. पण तिला माझ्या दुकानात पोरगी म्हणून नाही बसवणार. इंजिनिअर म्हणून बसवणार."

मी इंजिनिअर नव्हते आणि तुम्हीही नव्हतात. पण त्या दिवसापासून गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला "आमच्या मॅडम" म्हणायला लागलात आणि लोकांनाही ते खरं वाटायला लागलं. हळूहळू मलाही. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात बोलणं व्हायचं ते राउटरबद्दल.

आता त्या कुलपाकडे येते.

दोन संगणक एकमेकांशी बोलायच्या आधी आपसात ठरवतात, आपलं बोलणं कुठल्या कुलपात बंद करायचं. दोघांनाही नवं कुलूप येत असेल तर नवं लागतं. एकाला जुनंच येत असेल आणि दुसऱ्याने जुनं अजून चालू ठेवलेलं असेल, तर दोघं जुन्यावर उतरतात. हे जुनं कुलूप कसं फोडायचं ते जगाला केव्हाच कळलंय. जाणत्यांनी ते टाकून दिलं. आपल्या सर्व्हरवर ते चालू होतं, कारण वज्रेश्वरीच्या संगणकाला दुसरं येतच नव्हतं. रक्त तपासायचं तिथलं मशीन जुनं, त्या मशीनचा प्रोग्रॅम फक्त जुन्याच विंडोजवर चालायचा आणि ती विंडोज नव्या कुलपाच्या आधीच्या काळातली. वाईट हे की पडद्यावर कुलपाचं चित्र तेच दिसायचं. कुलूप जुनं आहे की नवं, हे त्या चित्रावरून कुणालाही कळलं नसतं.

मी म्हणायचे, जुनं बंद करू या. तुम्ही म्हणायचात, चालू लूमला हात घालायचा नाही.

हे वाक्य तुमच्या अंगात होतं. तुमचे वडील कापडाच्या लूमवर कामाला होते, शाळा सुटल्यावर तुम्हीही त्यांच्या हाताखाली उभे राहिलेले. धावत्या लूममध्ये हात घातला की काय होतं, ते तुम्ही शेजारच्या माणसाच्या बोटांवर पाहिलेलं होतं. त्या कारखान्यातून बाहेर पडलात, पण नियम सोबत घेऊन आलात. चालणारा सर्व्हर बंद करायचा नाही. चालणारी सेटिंग बदलायची नाही. कामतघरात इतकी यंत्रं तुम्ही या नियमाने वर्षानुवर्षं चालती ठेवलीत की तुम्हाला खोटं ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग मला ती गोष्ट दिसली. सर्व्हरवर कोण कधी आलं आणि कुठल्या कुलपातून आलं, याची नोंद आपोआप होत असते. मी ती चाळत होते. वज्रेश्वरीच्या नावापुढे जुनं कुलूप, ते अपेक्षितच होतं. पण खाली कामतघरच्या केंद्राच्या नावापुढेही जुनं कुलूप. तो संगणक तर आपणच नवाकोरा बसवलेला. त्याला नवं येत होतं. आदल्या महिन्यापर्यंत तो नव्यातूनच बोलत होता.

मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही चष्मा वर करून पडद्याजवळ वाकलात.

"लाइनचा लोचा आहे," तुम्ही म्हणालात. "प्रोग्रॅमची सवयच तशी. नव्यात बोलणं मध्येच तुटलं तर तो जुन्यात ट्राय करतो. केबलवाल्याचा डबा बंद पडत असेल."

"रोज सकाळीच, दादा? रिपोर्ट जायच्या वेळेलाच?"

"सकाळीच लाइट जाते."

"लाइट गेली तर गल्ली तीच, आपलं दुकानही बंद पडलं असतं. हे फक्त कामतघरचं आहे. मला वाटतं, कुणीतरी मध्ये बसून मुद्दाम बोलणं तोडतंय. नवं तुटलं की आपला संगणक जुन्यावर उतरतो. मग त्याला सगळं वाचता येतं."

"केबलमध्ये कोण बसणार?"

"बसतात, दादा."

"तुम्हा दिघाशीवाल्यांना पिंपळावर पण कोण न कोण दिसतं."

मला हसू आलं. तुम्ही म्हणालात, "हसतेस काय, चहा सांग." चहा आला, तुम्ही बशीत ओतून प्यायलात, पण तुमचे डोळे पडद्यावरच होते. तुम्हालाही काहीतरी दिसलं होतं. नाहीतर त्या दुपारी दोनदा उठून तुम्ही गल्लीतल्या खांबाकडे बघून आला नसतात. काय बघून आलात ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही.

त्यानंतर आपण रोज भांडलो. शेवटी तुम्ही म्हणालात, "आधी वज्रेश्वरीला जाऊन ये. बंद केल्यावर काय बंद होणार ते डोळ्यांनी बघ. मग ये आणि बोल."

मी गेले. देवळाच्या रस्त्याला, पूजेच्या सामानाच्या दुकानामागे कुसुमताईंचं केंद्र. एक खोली, एक फ्रीज, ते मशीन आणि तो संगणक. संगणकावर कुसुमताईंनी क्रोशाचा रुमाल घातलेला. बाहेर बाकावर पाच-सहा जण. एक गरोदर बाई पाय पसरून भिंतीला टेकली होती.

"बस गो बाय," कुसुमताई म्हणाल्या. "विलासदादांनी धाडलं ना? मंगाशी फोन आल्ता. म्हनले, आमच्या मॅडम येतान, त्यांना चा पाजा."

मी त्यांना कुलपाबद्दल समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मला हाताला धरून पडद्यासमोर नेलं.

"ह्ये बग. कुलूप हाय का न्हाय? तुज्या दादांनीच दाखवलेलं. कुलूप दिसलं का बिनधास्त धाडा म्हनले. मी रोज आदी कुलूप बगते, मंगच बटन दाबते. एकदा न्हाय चुकले."

खरंच एकदाही चुकल्या नव्हत्या. मी त्या गरोदर बाईकडे पाहिलं. हे केंद्र बंद पडलं तर तिला आधी रस्त्यापर्यंत चालत यावं लागेल, मग भिवंडीची बस, मग लॅबच्या दाराशी रांग. ती येणारच नाही. तिचं रक्त कुणी तपासणारच नाही. तुम्ही मला हेच बघायला पाठवलं होतं.

परतीच्या बसमध्ये मला उत्तर सुचलं. वज्रेश्वरीच्या संगणकाला हात लावायचाच नाही. त्याच्यासमोर एक छोटा डबा बसवायचा. डब्याच्या आतल्या बाजूला, खोलीतल्या खोलीत, संगणक आणि डबा जुन्या कुलपातच बोलतील. बाहेर पडताना मात्र डबा सगळं नव्या कुलपात बंद करून पाठवेल. मग सर्व्हरवरचं जुनं कायमचं काढून टाकता येईल. तुमचा लूम चालू राहील आणि माझं कुलूप बदलेल. तुम्हाला ते कसं सांगायचं, तुम्ही कुठे अडवाल, त्यावर मी काय म्हणेन, हे सगळं मी अंबाडीचा थांबा येईपर्यंत ठरवून टाकलं होतं. शेवटी तुम्ही "बघू" म्हणाल हेही ठरवलं होतं. तुमचं "बघू" म्हणजे होकार असायचा.

वहिनींचा फोन बसमध्येच आला. आवाज नीट येत नव्हता. मी तीनदा "काय झालं, काय झालं" विचारलं आणि शेजारच्या बाईने माझा हात धरला, तेव्हा मला कळलं की मी उभी राहिले आहे.

दादा, आता पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून नीट सांगते.

तुमच्या दहाव्याला सगळे नदीवर जाऊन आले होते. वहिनींनी तुमचा मोबाइल रोज चार्ज करून ठेवला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुपारी तो वाजला आणि त्यांनी उचलला. पलीकडून एक माणूस, शुद्ध, गोड मराठी. विलासजी आहेत का म्हणाला. वहिनी म्हणाल्या, बोला, मी घरातूनच बोलतेय. तो म्हणाला, विलासजींचे किडनीचे रिपोर्ट आमच्यापर्यंत आलेत, क्रिएटिनिन इतकं वाढलेलं असताना त्यांनी थांबणं बरोबर नाही, आमच्या औषधाचा कोर्स ताबडतोब सुरू करावा. त्याने आकडे सांगितले. मागच्या तपासणीचेही आणि त्याच्या मागच्याही.

वहिनींनी फोन ठेवला. तुम्ही गेल्याचं त्याला सांगितलं नाही. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "जया, त्यांची किडनी गेली होती का?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच गल्लीतल्या केंद्रात, गुपचूप रक्त देऊन येत होतात. तुमचे रिपोर्ट माझ्या डोळ्यांसमोरच्या सर्व्हरवरून जात होते आणि मी ते पाहिले नव्हते, कारण तुमचाच नियम होता. आपण रिपोर्ट वाहून न्यायचा, वाचायचा नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला तो सांगितला होता, खुर्चीतून उठून, उभं राहून. मी पाळला. तुमच्या घरात तुम्ही बोलला नाहीत, दुकानात मी वाचलं नाही. लॅब सोडली तर तुमचं दुखणं माहीत होतं ते एकट्या त्या माणसाला.

माझा तुमच्यावरचा राग तेव्हा उफाळून आला. अजून आहे. रडायच्या जागी मी तुमचं नाव घेऊन भांडले. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं, म्हणून बाहेर कुणाला ऐकू गेलं नसेल.

राग जरा ओसरल्यावर एक गोष्ट लक्षात आली. त्या माणसाला तुम्ही गेल्याचं ठाऊक नव्हतं. कामतघरात तुम्ही गेल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं? पानवाल्याने दुकान बंद ठेवलं होतं. केंद्रातली मुलं खांदा द्यायला आली होती. लॅबमधल्या कुणी तोंडाने फोडलं असतं, तर तुम्ही नाही हेही त्याला कळलं असतं. त्याला तुमच्या रक्तातले आकडे ठाऊक होते आणि तुमचं मरण ठाऊक नव्हतं. म्हणजे त्याला माणसांकडून काही मिळालं नव्हतं. तारेवरून जेवढं गेलं, तेवढंच त्याच्याकडे होतं.

मी डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, दादा, तुम्हीही तेच म्हणायचात. पण त्यांचा चेहरा उतरला.

"तुझ्याकडे पुरावा आहे?"

"नोंदी आहेत. आणि वहिनींना आलेला फोन."

"त्याने कुणाचं नाव सिद्ध होत नाही."

"मॅडम, कोण ते मलाही माहीत नाही. पण रिपोर्ट बाहेर गेलेत. पेशंटना सांगायला हवं."

"काय सांगणार? तुमचा रिपोर्ट कुणीतरी वाचलाय, पण कोणी ते आम्हाला माहीत नाही? उद्या एक माणूस पायरी चढणार नाही. एवढ्या वर्षांचं नाव आहे या लॅबचं." मग त्या थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "जे काय बदलायचं ते बदल. जो डबा म्हणतेस तो आण. पण बाहेर बोललीस तर हे काम मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. समजून घे."

मी डबा आणला. वज्रेश्वरीला जाऊन बसवला. कुसुमताईंनी त्याच्यासाठीही रुमाल काढून ठेवला होता. तो गरम होतो म्हणून घालू नका, हे त्यांना पटवायला मला जास्त वेळ लागला, डबा बसवायला कमी. मग भिवंडीला येऊन लॅबच्या मागच्या खोलीत मी सर्व्हरवरचं जुनं कुलूप काढून टाकलं. एक ओळ बदलायची होती. इतके दिवस आपण ज्यावर भांडलो ती एक ओळ. बदलली आणि खुर्चीत बसून राहिले. वज्रेश्वरीहून पहिला रिपोर्ट आला, नव्या कुलपातून. कामतघरहून आला, नव्यातून. काही बंद पडलं नाही. तुम्ही वज्रेश्वरीबद्दल बरोबर होतात, मी कामतघरबद्दल, आणि ही दोन्ही उत्तरं एका डब्यात मावत होती. हे तुम्हाला सांगायला मी वळलेही.

पण कुलूप बदलल्याने पुढचं बंद झालं. आधी जे गेलं ते गेलं. ते कुठे तरी साठवून ठेवलेलं आहे. किती आहे, कुणाकुणाचं आहे, मला सांगता येत नाही. आपलं गाव लहान आहे, दादा. इथे कुणाच्या रक्तात काय आहे हे लग्नाआधी विचारतात, भाड्याने खोली देताना विचारतात, कारखान्यात घेताना विचारतात. ज्याच्याकडे हे सगळं आहे त्याला घाई नाही. तो एकेका घरात फोन करत बसलाय.

दुकान आता वहिनींचं. लॅबचं काम गेलं तर दुकानात फारसं काही उरत नाही आणि वहिनींचं घर त्याच्यावर चालतं. म्हणून ठरवायचं त्यांनीच होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. जुनं कुलूप, चालू लूम, पिंपळ, सगळं. त्या तुमच्या मोबाइलच्या काचेवरून अंगठा फिरवत ऐकत होत्या.

"म्हणजे त्यांचं चुकलं का गं?"

मला "तसं नाही" म्हणता आलं असतं. दारात आलेल्या प्रत्येकाने त्यांना तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं होतं. आणखी एक चांगलं वाक्य त्यात सहज खपलं असतं.

"हो, वहिनी," मी म्हणाले. "यात चुकलं."

त्यांनी मान हलवली. "कळल्यावर त्यांनी लोकांना सांगितलं असतं?"

"लगेच नसतं सांगितलं. आधी सगळं नीट करून ठेवलं असतं. मग कधीतरी चहा पिताना सांगितलं असतं."

"हं. माझ्याशीही तसंच करणार होते वाटतं," वहिनी म्हणाल्या. मग तुमचा मोबाइल बाजूला ठेवून म्हणाल्या, "तू लाव फोन. लॅब गेली तर गेली. मी शिवणाचं मशीन परत काढते."

मग मी सर्व्हरवरून कामतघरच्या पेशंटची नावं आणि नंबर घेतले. फक्त नावं आणि नंबर. रिपोर्ट एकही उघडला नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. वहिनी माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या.

पहिले काही फोन साधेच गेले. लोकांना नीट कळलं नाही. एका काकांनी विचारलं, म्हणजे शुगर कमी झाली का वाढली? एकाने मलाच फसवणारी समजून शिव्या दिल्या, तेव्हा मला उलट बरं वाटलं. मग लूमच्या चाळीतल्या एका घरी फोन लावला. यादीत नाव सुनेचं होतं, फोन सासूने उचलला.

मी म्हणाले, लॅबच्या कॉम्प्युटरच्या कामावरून बोलतेय, सुनबाईंशी बोलायचं होतं.

"वो मायके गई," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "भेज दिया हमने. ऐसी बीमारी छुपा के शादी की. तुम्हारा ही आदमी तो बताया."

"कौन आदमी, अम्मा?"

"वही लैबवाला. विलास भाई. पहले बोला बहू को फोन दो, दवाई का बताना है. मैंने कहा मुझे बताओ, तो सब बता दिया. बहुत अच्छे से बात किया बेचारा."

मी वहिनींकडे पाहिलं. फोनचा आवाज मोठा होता, त्यांनीही ऐकलं होतं.

मग लक्षात आलं. तुम्ही दुकानातून सर्व्हरवर जायचात तेव्हा तुमचं नावही त्याच तारेवरून, त्याच जुन्या कुलपातून जायचं. पेशंटच्या यादीत एक विलास आणि लॅबचा माणूस म्हणून एक विलास. ते दोघं एकच आहेत हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. लोक ज्या नावावर विश्वास ठेवतात ते नाव त्याने उचललं आणि बोलायला लागला.

"कब आया था फोन?" मी विचारलं.

"परसों."

"अम्मा, विलासभाई नहीं रहे. महीना होने को आया. उनकी घरवाली मेरे पास बैठी हैं."

पलीकडे लूमचा खडखडाट चालूच होता. मग त्या म्हणाल्या, "तो परसों हमसे बात किसने की?"

त्या सुनेचं माहेर कुठलं, तेवढं मी विचारून घेतलं. तिच्यापर्यंत मला जायचंय. डॉक्टर मॅडम ऐकोत न ऐकोत, तिला काय झालंय आणि त्यावर काय करता येतं, हे तिला एखाद्या डॉक्टरकडून शांतपणे कळायला हवं. तो हक्क तिचा होता.

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पुढचा नंबर स्वतः लावला. मला वाटलं, त्यांना बोलता येणार नाही. पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं.

"मी विलासची बायको बोलतेय," त्या म्हणाल्या. "विलास गेले. आता त्यांच्या नावाने कुणी फोन केला तर तो ते नाहीत."

तेव्हापासून आम्ही दोघी प्रत्येक घरी आधी हेच सांगतो. कुलपाचं नंतर सांगतो. आधी तुम्ही गेल्याचं सांगतो, पलीकडच्या माणसाचं विचारून संपलं की पुढचा नंबर लावतो. अजून अर्धी यादीही झालेली नाही.